काचेखालची अक्षरं

दयाराम रंगारी यांच्या घरातली चालू स्थितीतली प्रत्येक वस्तू नापास झालेली आहे. मिक्सर नापास, गीझर नापास, टीव्हीचा रिमोट दोनदा नापास. प्रत्येकीवर मागच्या बाजूला, सहज दिसणार नाही पण शोधला तर सापडेल अशा जागी, लाल ऑइलपेंटचा एक ठिपका आहे. ठिपका म्हणजे रिजेक्ट. रिजेक्ट झालेली वस्तू तरीही वापरात राहते, कारण दुसरी आणली तर तीही रिजेक्ट होणार हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

मी लखनौला महानगर भागात त्यांच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं भाड्याने राहते. मूळची साताऱ्याची, इथल्या एका संशोधन संस्थेत पिकांच्या रोगांवर काम करते. पानावरचा डाग बघून रोग ओळखायचा, हा माझा धंदा. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्याची लाज वाटणार आहे.

घर बघायला आले तेव्हा दयारामकाकांनी मला नोकरी विचारली नाही, जेवणखाण विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "सही एकसारखी येते का तुमची?" मी म्हटलं, येते. त्यांनी एका कागदावर तीनदा करायला लावली, तिन्ही सह्या चष्मा वर करून पाहिल्या आणि किल्ली दिली. त्यांना भाडेकरू नको होती, साक्षीदार हवी होती, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

काका भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. रेल्वेत तपासनीस म्हणून लखनौला आले आणि छत्तीस वर्षं कारखान्या-कारखान्यांतून हिंडून रेल्वेला लागणारे बोल्ट, स्प्रिंगा आणि रबराचे पॅड तपासत राहिले. माल चांगला असला तर शिक्का, वाईट असला तर लाल रंग. कुणी मिठाईचा डबा पुढे केला तर ते डबा परत करत आणि परत केल्याची पोच घेत. निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ ही त्यांची निवृत्तीनंतरची पहिली तपासणी. सेकंदकाटा मिनिटकाट्याला घासतो, असा निष्कर्ष निघाला.

तेव्हापासून वही सुरू झाली. जाड पुठ्ठ्याची, लांबट, हॉलमध्ये बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या टेबलावर ठेवलेली. त्यात प्रत्येक वस्तूचा निरीक्षण क्रमांक, तारीख, चाचणीची पद्धत, दोष आणि शेवटी तीन सह्या. तपासनीस: द. रंगारी. वापरकर्ती: माया रंगारी. साक्षीदार: मी.

त्या वहीतली काही मतं मला आजही पटतात. गीझरबद्दल त्यांनी लिहिलंय की पाणी तापलं हे सांगणारा दिवा गीझरच्या बुडाला बसवलेला असून तो पाहण्यासाठी अंघोळीला उभ्या माणसाला खाली बसावे लागते. रिमोटवर सिनेमे विकणाऱ्यांची चार बटणं मोठी आहेत आणि आवाज कमी करायचं बटण मुंगीएवढं आहे, ते अंधारात दाबायला गेलं की सिनेमाच सुरू होतो. सुगत म्हणजे त्यांचा मुलगा, बंगळुरूला असतो. त्याने एकदा मोबाईलवरून पेटणारा दिवा पाठवला. काकांचा शेरा एका ओळीचा आहे: "दिवा लावण्यापूर्वी पासवर्ड मागतो." वॉशिंग मशीन कपडे धुऊन झाले की गाणं वाजवतं, याला त्यांनी दोष म्हटलं नाही, "अनावश्यक आनंद" असा वेगळा रकाना आखला.

मायाकाकू या सगळ्याकडे शांतपणे बघायच्या. त्या इथल्याच हिंदी शाळेत प्राथमिकच्या शिक्षिका होत्या, त्यामुळे एकच गोष्ट रोज नव्याने ऐकायची त्यांना सवय होती. एखादी वस्तू अडून बसली की त्या स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, "अहो, या जी, तुमचं गिऱ्हाईक आलं!" मग काका स्टीलची टेप, भिंग आणि पेन्सिल घेऊन आत जायचे. निरीक्षण पुरं होईपर्यंत चहा व्हायचा. खरं सांगायचं तर त्या घरातला संसार असाच चालायचा, एकाने वस्तू बिघडली म्हणायचं आणि दुसऱ्याने ती मनावर घ्यायची. माझं लग्न मोडलेलं आहे, त्यामुळे अशा गोष्टी माझ्या लक्षात राहतात.

काका मला एक किस्सा वारंवार सांगायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका कारखान्याचा बोल्टांचा सगळा माल नापास केला. मालक रडकुंडीला आला. दोन दिवसांनी साहेबांनी काकांचं गेज, म्हणजे ज्यात बोल्ट घालून मोजायचा ते माप, तपासायला पाठवलं, तर तेच झिजलेलं निघालं. माल चोख होता. "तेव्हापासून बेटा, आधी गेज तपासायचं, मग माल. छत्तीस वर्षं एक दिवस चुकलो नाही." हा किस्सा मी पाच वेळा तरी ऐकला असेल, आणि पाचही वेळा मान डोलावली.

दोन वर्षांपूर्वी सुगतने विजेची शेगडी पाठवली. वरून सपाट काळी काच, तिच्यावर दूध, भात अशी राखाडी बारीक अक्षरं, बटण म्हणून काही नाहीच. काचेला बोट लावायचं. काकांनी खोका उघडल्या उघडल्या मान हलवली. "बटण दाबलं की ते दबलं पाहिजे. दबत नाही त्याला बटण म्हणू नये." ओल्या बोटाने शेगडी चालू होत नव्हती, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचं बोट कोरडं कधी असतं? दूध उतू गेलं की दुधाचा हात लागून ती आपली आपण बंद व्हायची. या सगळ्याची रीतसर नोंद झाली. शिवाय एक दोष होता तो काकूंनीच सांगितला. "अक्षरं दिसतच नाही जी नीट. दूध कुठं आन् भात कुठं, काही कळत नाही."

काकांनी यासाठी खास चाचणी बसवली. काकूंनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं. काकांनी पेन्सिलीने काचेवरच्या एखाद्या शब्दावर टोक ठेवायचं. काकूंना शब्द पाठ होऊ नयेत म्हणून कधी इकडचा, कधी तिकडचा. मग काकूंनी एकेक पाऊल पुढे यायचं आणि वाचता आलं की थांबायचं. तिथून शेगडीपर्यंत टेप लावायची. टेपचं एक टोक माझ्या हातात. पहिल्या फेब्रुवारीत अंतर आलं ब्याण्णव सेंटिमीटर. काकांनी लिहिलं, "काळ्यावर राखाडी, वाचनास अयोग्य." आणि ठिपका दिला.

दर सहा महिन्यांनी फेरतपासणी, हा त्यांचा नियम. ऑगस्टमध्ये चौऱ्याहत्तर आलं. पुढच्या फेब्रुवारीत पंचावन्न. त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये एकेचाळीस. काका आकडे लिहिताना अधिकाधिक संतापत गेले. "छपाई उडतेय. दोन वर्षं टिकत नाही, काय माल बनवतात हे लोक!" काकूही म्हणायच्या, "हो ना जी, रोज फिकी होते." एकदा मी दारातूनच सगळे शब्द वाचून दाखवले. म्हटलं, काका, मला तर दिसतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मलाही दिसतात. पण तुम्ही वापरकर्त्या नाही, मीही नाही. ज्याला वापरायचं त्याला दिसलं पाहिजे. आक्षेप नोंदवू का तुमचा?" मला ऑफिसला उशीर होत होता. मी म्हटलं, राहू द्या. आणि सही केली.

त्या दोन वर्षांत वहीत इतरही नोंदी वाढल्या. वॉशिंग मशीनचं दार डावीकडे फार उघडतं, वापरकर्तीस आदळतं. मिक्सरचं भांडं ओट्याच्या डाव्या कडेला ठेवलं असता धक्का लागून पडतं. बुडाला रबर कमी. नवा कुकर, डावा कान फार बाहेर. सगळ्यांखाली माझी सही आहे, एकसारखी.

मागच्या नोव्हेंबरमध्ये अंतर अठ्ठावीस सेंटिमीटरवर आलं, तेव्हा काकांनी फेरतपासणीच्या मुदतीचीही वाट पाहिली नव्हती. काकूंनी दुधाच्या जागी भाताचं लावून पातेलं करपवलं होतं. ते पातेलं काकूंच्या आईचं होतं. काकांनी सात पानी पत्र लिहिलं, दोन वर्षांच्या आकड्यांचा तक्ता जोडला, आणि कंपनी पुण्याकडची म्हणून मराठीत लिहिलं. अशा पत्रांना एरवी उत्तर यायचं ते एकाच साच्याचं: आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. किंवा मग एखादा मेकॅनिक यायचा, काकूंच्या हातचे पोहे खायचा, काकांचं म्हणणं तासभर ऐकायचा आणि निरीक्षणाची एक प्रत घेऊन जायचा. तो पुन्हा येत नसे.

या वेळी खरं पत्र आलं. डिसेंबरातला रविवार होता, बाहेर धुकं, हॉलमध्ये हीटर लावलेला (नापास; तार आखूड). मी चहाला खाली आले होते. काकू परातीत मटार सोलत होत्या. काकांनी पाकीट कात्रीने कापलं आणि शाळेत धडा वाचतात तसं मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

पत्र सावनी बर्वे नावाच्या मुलीचं होतं, शेगडीचं डिझाईन करणाऱ्या विभागातली. तिने लिहिलं होतं की तुमचा तक्ता आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला. अक्षरं बारीक आणि फिकी आहेत हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, पुढच्या मॉडेलला आम्ही ती पांढरी आणि दुप्पट मोठी करतो आहोत.

"ऐकलं का?" काका काकूंना म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुललेला मी सहा वर्षांत पाहिला नव्हता. छत्तीस आणि वरची सगळी वर्षं मिळून पहिल्यांदा कुणी माल दुरुस्त करतो म्हणालं होतं.

"वाचा पुढं," काकू म्हणाल्या.

काका पुढे वाचू लागले. "परंतु एक गोष्ट आमच्या लक्षात येत नाही. ही छपाई काचेच्या वर नसून काचेच्या खाली असते. काच फुटल्याशिवाय ती पुसली जाऊ शकत नाही. त्याच वेळी तयार झालेल्या तीन शेगड्या आम्ही काढून पाहिल्या, अक्षरं होती तशीच आहेत. आपल्या तक्त्यात वाचणाऱ्या बाई प्रत्येक वेळी त्याच होत्या का? तसं असेल तर, आगाऊपणाची क्षमा असावी, पण कृपया त्यांचे..."

तिथे ते थांबले.  "त्यांचे काय जी?" काकूंनी विचारलं. काकांनी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

मी काकूंकडे पाहिलं. परातीच्या डाव्या बाजूला, सतरंजीवर, मटारचे सातआठ दाणे पडलेले होते. त्या सोलत होत्या आणि डाव्या हातातला प्रत्येक दाणा परातीच्या बाहेर पडत होता. त्यांना ते माहीत नव्हतं. असले दाणे मी आधीही पाहिले होते. उचलून परातीतही टाकले होते. पानावरचा डाग बघून रोग ओळखते मी, पगार घेते त्याचा.

काका उठले, वही घेऊन आले आणि मागून पुढे पानं उलटायला लागले. डावीकडे. डाव्या कडेला. डावा कान. पेन्सिलीचं टोक प्रत्येक ओळीवर थांबत होतं. मग त्यांनी वही मिटली आणि काकूंसमोर सतरंजीवर बसले. गुडघ्यांमुळे ते खाली बसत नाहीत.

"माया, उजवा डोळा झाक."

"काहून?"

"झाक म्हणतो ना."

काकूंनी मटाराच्या हाताने उजवा डोळा झाकला. काकांनी त्यांच्या तोंडासमोर बोटं धरली. "किती आहेत?"

"लाईट गेली का?" काकूंनी विचारलं.

लाईट गेलेली नव्हती.  काकूंनी हात काढला, आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं आणि त्यांना समजलं.

"कधीपासून आहे हे?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज कारखान्यातला झाला होता.

"मला काय माहीत? उजवा डोळा झाकून कोण पाह्यते स्वतःचा?" काकू म्हणाल्या. मग अगदी साधेपणाने, "मला वाटत होतं एखाद्या वेळी, की डोळ्यालाच काही झालं असंल. पण तुम्ही म्हटलं छपाई उडाली. इतकं मोजून लिहिलं तुम्ही. मी म्हटलं, मग छपाईच असंल."

 काका परातीबाहेरचे दाणे वेचू लागले. एकेक दाणा उचलून, पुसून, परातीत. मला तिथे बसवेना आणि उठवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचबिंदू निघाला, ज्याला इथे काला मोतिया म्हणतात. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो आणि मधलं शाबूत ठेवतो, फक्त काळ्यावरचं फिकं अक्षर तेवढं आधी हरवतं, त्यामुळे माणसाला कळत नाही. डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजव्यातही सुरुवात झाली होती. बाईंनी विचारलं, "दिक्कत कब से है, कुछ अंदाज़ा है?"

असा प्रश्न त्या रोज विचारत असतील, आणि लोक म्हणत असतील, होळीपासून, किंवा नातीच्या लग्नापासून. काकांनी पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली. ब्याण्णव, चौऱ्याहत्तर, पंचावन्न, एकेचाळीस, अठ्ठावीस. तारखांसकट, सह्यांसकट. बाईंनी बराच वेळ पानं पाहिली. हिंदी असती तर भरभर वाचली असती, मराठी अडखळत वाचली.

"इतना बढ़िया रिकॉर्ड तो हम लोग भी नहीं रखते," त्या म्हणाल्या. "फिर आप दो साल पहले क्यों नहीं आए?"

"गेज तपासलं नाही," काका मराठीत म्हणाले. बाईंना ते समजलं नाही आणि मी भाषांतर केलं नाही.

डावा डोळा परत येणार नव्हता. उजवा राहू शकत होता, पण रोज न चुकता, आयुष्यभर, संध्याकाळी एक थेंब. एकच. रात्री सुगतचा फोन आला. तो मराठीतलं सगळं समजतो आणि उत्तर हिंदीत देतो. "पापा, आप टेंशन मत लीजिए, मैं आ रहा हूँ." आला, चार दिवस राहिला, आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला, आणि जाताना बोलणारं घड्याळ देऊन गेला. ते दर तासाला इंग्रजीत इतक्या मोठ्याने वेळ सांगतं की वरच्या मजल्यावर मला घड्याळ लागत नाही. त्याचा आवाज कमी करायची सोयच नाही. मी वाट पाहत होते. काकांनी एक ओळ लिहिली नाही.

वही त्यांनी कपाटात टाकली होती. महिना गेला, दुसरा गेला. फ्रिज विनाकारण टूं टूं करत राहिला, फोनने आपणहून सगळी चित्रं जागची हलवली, आणि काका बघत बसले. त्यांनी फक्त एक काम केलं. लाल रंगाची डबी काढली आणि शेगडीच्या काचेवर, चालू करायच्या जागेशेजारी, तीन जाड ठिपके दिले, एकावर एक थर देऊन, बोटाला लागतील असे. काकूंनी त्यावरून बोट फिरवलं. "आता तं समोरूनच रिजेक्ट केली बिचारीला," त्या म्हणाल्या. काका हसले नाहीत. पूर्वी ते निदान "हं" तरी म्हणायचे.

मला त्यांचा राग यायला लागला होता. चूक झाली, मान्य, माझीही झाली. पण घरात एक माणूस आंधळं व्हायच्या बेताला आलेलं असताना दुसऱ्याने मुकं होऊन कसं चालेल? हे मी त्यांना सांगणार होते. मला सांगावं लागलं नाही.

मार्चमधली संध्याकाळ होती. मी औषधाची नवी बाटली द्यायला खाली आले. काकू खुर्चीत मान मागे टाकून बसल्या होत्या आणि काका थेंब घालत होते. बाटली दाबली, काही आलं नाही. जोर लावला, आणि एकदम तीन थेंब आले. एक डोळ्यात, दोन गालावर. ती बाटली खरोखरच वाईट होती. प्लास्टिक दगडासारखं, बोटं थरथरणाऱ्या माणसांसाठी केलेली आणि थरथरणाऱ्या बोटांनी न दबणारी. नावाची अक्षरं इतकी बारीक की मीच ती उजेडाला धरून वाचली होती. महिन्याचं औषध दहा दिवसांत संपत होतं, म्हणून तर मी नवी आणली होती.

"पाहिलं का?" काकू गाल पुसत म्हणाल्या. "लिहा."

"बाटली ठीक आहे," काका म्हणाले. "माझाच हात हलला."

"ठीक आहे?" काकू सरळ झाल्या. "रोज दोन थेंब गालावर पडते आन् तुम्ही म्हणता ठीक आहे? छत्तीस वर्षांत कोणता खराब माल पास केला जी तुम्ही? आता माझ्या डोळ्याचाच करता का?"

 काका हातातल्या बाटलीकडे बघत उभे.

"विनया, वही आण कपाटातून," काकू म्हणाल्या. शिक्षिकेचा आवाज होता तो. मी आणली. काका टेबलाशी बसले, पेन्सिल घेतली, निरीक्षण क्रमांक घातला, तारीख घातली. वस्तूच्या रकान्यात "डोळ्यात घालावयाच्या औषधाची बाटली" असं लिहिलं आणि चाचणीच्या रकान्याकडे वळले.

"थांबा," काकू म्हणाल्या. "आधी माझं लिहा. वापरकर्ती माया रंगारी, डाव्या डोळ्यानं दिसत नाही, उजव्यानं मधलं दिसते. हे आधी. मग बाटली."

 काकांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, खोडलं नाही. खाली तपासनिसाची सही केली. काकूंनी बोटाने जागा चाचपून आपली केली. वही माझ्याकडे सरकली.

मी खुर्ची ओढून बसले, निरीक्षण पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि मग सही केली.